मास्तरांना मार्क कोणी द्यायचे?

इथल्या मराठी मंडळींच्या गप्पांत नवे घर घेण्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न खोल्या किती असा नसतो, व्याजदर किती असाही नसतो. "शाळा कितीची आहे?" हा असतो. कितीची म्हणजे दहापैकी किती गुणांची. शाळा नऊची असेल तर घर जुने चालते, मागचे अंगण उतारावर असले तरी चालते, ऑफिसला जायला तास लागला तरी चालतो. शाळा पाचची असेल तर घर कितीही देखणे असो, एजंटबाईंना मनातल्या मनात नमस्कार करून आपण गाडीत बसतो. आम्हीही तेच केले. उद्या पुन्हा घर घ्यायचे झाले तर बहुधा तेच करू, कारण पोटच्या पोरांवर प्रयोग करायला कोणी तयार नसतो.

पण मी व्यवसायाने आकडे हलवणारा माणूस आहे. एका कंपनीच्या सिस्टिममधला डेटा दुसऱ्या सिस्टिममध्ये नेताना हा आकडा मुळात कशाचा आहे, तो कोणी भरला आणि चुकला तर कोणाचे नुकसान होईल, हे विचारल्याशिवाय पुढे सरकायचे नाही, अशी सवय लागून गेली आहे. तीच सवय या नऊला लावून पाहावीशी वाटली.

हा गुण देणारी सर्वांत परिचित संस्था म्हणजे ग्रेटस्कूल्स. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेली ही ना-नफा संस्था. घरे विकणाऱ्या मोठ्या वेबसाइट्स तिचेच गुण घराच्या फोटोखाली दाखवतात. कित्येक वर्षे या गुणाचा मुख्य आधार एकच होता : राज्याच्या परीक्षेत त्या शाळेतल्या मुलांचा निकाल. २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये पद्धत बदलली. मूल वर्षभरात किती पुढे सरकले, गरीब घरांतल्या मुलांचे काय झाले, यांना आता वजन मिळते. बदल चांगलाच आहे. परंतु आपल्यापैकी अनेकांनी घरे घेतली त्या काळातला नऊ हा निकालाचा नऊ होता. आणि निकाल कोणाचा चांगला लागतो? १९६६ मध्ये समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी अमेरिकन सरकारसाठी सुमारे ६ लाख विद्यार्थ्यांची पाहणी केली होती. मुलांच्या गुणांतला फरक शाळेच्या इमारतीवरून, ग्रंथालयावरून किंवा खर्चावरून जितका समजतो त्यापेक्षा त्यांच्या घरावरून आणि वर्गात शेजारी कोण बसते यावरून जास्त समजतो, असे त्यांना आढळले. म्हणजे मास्टर्स केलेल्या आईबापांची शंभर घरे एका ठिकाणी आणली आणि मध्ये बरी शाळा बांधली, तर ती आठ-नऊची होणारच. एका अर्थी आपण आपलाच आकडा आपल्यालाच विकत घेतला, आणि वर त्यासाठी तीस वर्षांचे कर्ज काढले!

गंमत इथे संपली असती तर बरे झाले असते. पण इथल्या शाळांच्या खर्चाचा मोठा वाटा स्थानिक मालमत्ता करातून येतो. गुण चांगला म्हणून घराची किंमत चढते, किंमत चढली म्हणून कर जास्त जमतो, कर जास्त म्हणून शाळेला साधने जास्त मिळतात. पाचच्या शाळेचे चक्र उलटे फिरते. टेक्सासात सॅन अँटोनियो शहराच्या एजवुड भागातले पालक हा प्रश्न घेऊन थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. १९६७-६८ साली त्यांच्या शाळांत प्रत्येक मुलामागे ३५६ डॉलर खर्च होत होते आणि त्याच शहरातल्या सधन अॅलामो हाइट्समध्ये ५९४. कराचा दर मात्र गरीब एजवुडचाच जास्त होता. १९७३ मध्ये न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितले की, शाळांना समान पैसा मिळणे हा अमेरिकेच्या राज्यघटनेने दिलेला हक्क नाही. त्यानंतर अनेक राज्यांनी आपापल्या परीने दुरुस्त्या केल्या, पण चक्र थांबलेले नाही, आणि नऊची शाळा शोधत फिरणारे आपण सगळे ते रोज थोडे थोडे फिरवत असतो.

तर मूळ प्रश्न असा की, शाळेचा दर्जा आणि शिक्षकाची गुणवत्ता मोजता येते का? येत असेल तर ती मोजण्याचा अधिकार कोणाचा, आणि त्या आकड्याचे पुढे काय करायचे?

आपल्या आईवडिलांच्या पिढीला या प्रश्नाचे उत्तर ठाऊक होते. त्या उत्तराला दिपोटी म्हणत. डेप्युटी इन्स्पेक्टर गावात येणार म्हटले की शाळा सारवली जाई, हुशार पोरे पुढच्या रांगेत बसवली जात आणि बुजऱ्या पोरांना त्या दिवशी घरी राहण्याची सूचना मिळे. मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो, तोवर दिपोटी जाऊन विस्तार अधिकारी आले होते, पण गाव त्यांना दिपोटीच म्हणे. साहेब पाढे विचारत, एखाद्याला फळ्यावर उदाहरण घालत, शेरेबुकात दोन ओळी लिहीत आणि जेवून जात. त्या दोन ओळींवर गुरुजींची इज्जत टांगलेली असे. ही पद्धत आज हास्यास्पद वाटते, पण तिच्यात एक गोष्ट होती जी दहापैकी नऊमध्ये नाही. मोजणारा माणूस निदान वर्गात येऊन बसत असे.

या पद्धतीतले दोष महात्मा फुल्यांनी फार आधी, नेमके हेरले होते. १८४८ पासून सावित्रीबाईंसह शाळा चालवलेला हा माणूस. तो बाहेरून बोलत नव्हता. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर शिक्षण आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळांच्या तपासणीवर टीका केली. वर्षातून एकदा येणाऱ्या डेप्युटीचा फारसा उपयोग नाही. तपासणी निदान दर तीन महिन्यांनी व्हावी, आणि अधूनमधून अधिकाऱ्याने आगाऊ वर्दी न देता शाळेत जावे, असे त्यांचे म्हणणे होते. आजच्या भाषेत सरप्राइज ऑडिट. पण त्याच निवेदनात, तितक्याच आग्रहाने, त्यांनी मास्तरांच्या पगाराचा मुद्दा मांडला आहे. शिक्षक प्रशिक्षित असावेत, शेतकरी वर्गातून आलेले असावेत म्हणजे ते लोकांत मिसळतील. त्यांचा पगार दरमहा १२ रुपयांपेक्षा कमी असू नये, मोठ्या गावांत १५ ते २० असावा. एका हाताने तपासणी कडक करा म्हणायचे आणि दुसऱ्या हाताने पगार वाढवा म्हणायचे, ही जोडी मला फार महत्त्वाची वाटते. पुढच्या दीडशे वर्षांत सरकारांनी आणि तज्ज्ञांनी बहुतेक वेळा या जोडीतला एकच हात उचलला.

फुले हे सांगत होते त्याच काळात इंग्लंडमध्ये नेमका एक हात उचलून झालेला होता. १८६२ मध्ये रॉबर्ट लो या मंत्र्याने निकालानुसार अनुदान सुरू केले. सहा वर्षांवरील मुलाच्या हजेरीचे चार शिलिंग. वाचन, लेखन आणि अंकगणितात ते पास झाले तर आणखी आठ शिलिंग. प्रत्येक विषयातल्या नापासाबद्दल दोन शिलिंग आठ पेन्स वजा. हिशेब चोख होता. परिणामही चोख झाला. जे तीन विषय मोजले जात तेवढेच शिकवले जाऊ लागले, आणि वर्षभर एकच वाचनमाला घोकून मुले परीक्षेच्या दिवशी न वाचता 'वाचू' लागली. कवी मॅथ्यू अर्नॉल्ड स्वतः शाळा तपासनीस होते. त्यांनी आपल्या अहवालांत या यांत्रिकपणावर कोरडे ओढले. पद्धत जायला मात्र १८९० चे दशक उजाडावे लागले. आपल्या मुंबई इलाख्यातही खासगी शाळांच्या अनुदानासाठी हीच कल्पना आयात झाली होती. कारकुनाला सोयीची पद्धत लवकर प्रवास करते.

अमेरिकेने हाच धडा नव्याने गिरवला. जानेवारी २००२ मध्ये 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायद्यावर सही झाली. तिसरी ते आठवीपर्यंत दरवर्षी वाचन आणि गणिताची परीक्षा, आणि २०१४ पर्यंत शंभर टक्के मुले अपेक्षित पातळीवर. शंभर टक्के! कोणत्याही प्रोजेक्ट मॅनेजरने असा प्लॅन आणला तर आम्ही त्याला पाणी देऊन खाली बसवतो. तरीही या कायद्यावर नुसते हसून चालणार नाही. त्याने शाळांना पहिल्यांदा देशभर सांगितले की, नुसती सरासरी दाखवू नका. कृष्णवर्णीय मुले, स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतली मुले, अपंग मुले, गरीब मुले यांचे आकडे वेगळे दाखवा. सरासरीच्या चादरीखाली वर्षानुवर्षे झाकलेली मुले त्यामुळे दिसू लागली. न मोजणे हेही निष्पाप नसते. ज्याचे मोजायचेच नाही त्याच्याबद्दल उत्तर द्यावे लागत नाही, ही सोय प्रत्येक व्यवस्थेला आवडते.

पण त्याच आकड्यांवर नोकऱ्या, बक्षिसे आणि शाळांचे भवितव्य बांधले गेले, आणि मग अटलांटा घडले. तिथल्या शाळांचे गुण इतके झपाट्याने वाढले की राज्याला शंका आली. उत्तरपत्रिकांवर चुकीचे उत्तर खोडून बरोबर केल्याच्या खुणा मशिनने मोजल्या, तर काही वर्गांत त्या अशक्य वाटाव्यात इतक्या निघाल्या. जुलै २०११ च्या चौकशी अहवालात तपासलेल्या ५६ पैकी ४४ शाळांत गैरप्रकार आढळले आणि १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांची नावे आली. २०१५ मध्ये खटला चाललेल्या बारापैकी अकरा जण दोषी ठरले, तेही संघटित गुन्हेगारीच्या कायद्याखाली. त्याच वर्षी डिसेंबरात मूळ कायदाही गुंडाळला गेला. डोनाल्ड कॅम्पबेल या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकातच सांगून ठेवले होते की, एखाद्या आकड्यावर जितके मोठे निर्णय बांधाल तितका तो आकडा आणि ज्याचे तो मोजमाप करतो ते काम, दोन्ही बिघडतात. आमच्या धंद्यात याला फार उदाहरणे शोधावी लागत नाहीत. किती बग मिटवले यावर बोनस ठेवा, आणि पाहा बग कसे जन्माला येतात.

यावर शास्त्रीय उपाय म्हणून पुढे आले ते व्हॅल्यू-अॅडेड मॉडेल. मूल वर्षाच्या सुरुवातीला कुठे होते आणि शेवटी कुठे पोचले, यातला शिक्षकाचा वाटा संख्याशास्त्राने वेगळा काढायचा. कल्पना न्याय्य आहे, आणि तिच्यात तथ्यही आहे. राज चेट्टी, जॉन फ्रीडमन आणि जोना रॉकॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी सुमारे २५ लाख मुलांच्या शाळेतल्या नोंदी त्यांच्या मोठेपणीच्या कराच्या नोंदींशी जोडून पाहिल्या. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार तिसरी ते आठवीच्या दरम्यान चांगला शिक्षक लाभलेली मुले पुढे कॉलेजात जाण्याचे प्रमाण जास्त आणि त्यांची कमाईही जास्त. म्हणजे शिक्षकाशिक्षकांत फरक असतो, आणि तो आयुष्यभर पुरतो. हे आपल्या आज्यांना माहीत होते, पण पुराव्यानिशी समजले हे बरे झाले.

अडचण एकेका शिक्षकाच्या गुणाची आहे. फेब्रुवारी २०१२ मध्ये न्यूयॉर्क शहराने सुमारे १८ हजार शिक्षकांचे गुण नावांसह जाहीर केले. त्यातल्या गणिताच्या गुणांत सरासरी ३५ पर्सेंटाइलचा अनिश्चित पट्टा होता, इंग्रजीत ५३ चा. म्हणजे एखाद्या बाई शंभरात पन्नासाव्या आहेत असे छापले तर त्या पंचविसाव्याही असू शकतात आणि पंचाहत्तराव्याही. वजनकाट्यावर एवढी सूट असेल तर आपण त्यावर बटाटेसुद्धा घेणार नाही. तिकडे ह्यूस्टनमध्ये शिक्षकांचे गुण एका खासगी सॉफ्टवेअरमधून येत होते आणि त्याचे आतले गणित कंपनीचे गुपित होते. शिक्षकांनी दावा केला. आपला गुण बरोबर आहे की चूक हे तपासण्याचा मार्गच नसेल तर ही तक्रार ऐकण्याजोगी आहे, असा निर्णय २०१७ मध्ये फेडरल न्यायाधीशांनी दिला, आणि पुढे तडजोड झाली. मी जे सॉफ्टवेअर बसवतो त्यात ग्राहकाच्या एका पैशाचा फरक आला तर तो कुठून आला हे मला ओळ न् ओळ दाखवावे लागते. माणसाच्या नोकरीचा प्रश्न असताना ती ओळ दाखवायची गरज नाही, असे कोणाला वाटले कसे?

आता आमच्या शाळेतली एक गोष्ट. दिवाळीनंतर कारखान्याच्या हंगामाला बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येत आणि ओढ्याच्या कडेला त्यांच्या कोप्या पडत. दुसरीच्या आमच्या बाई एका वर्षी शाळा सुटल्यावर तिथे गेल्या आणि चार मुलींची नावे हजेरीपटावर घालून आल्या. त्यातल्या एकीला पाटी धरायची माहीत नव्हती. होळीपर्यंत ती जोडाक्षरांपर्यंत आली होती. मग हंगाम संपला, टोळी उठली, आणि चारही मुली एका सकाळी दिसेनाशा झाल्या. दाखला न्यायला कोण थांबणार? वार्षिक परीक्षेला त्या गैरहजर. वर्षअखेरच्या तक्त्यात दुसरीच्या वर्गासमोर चार मुलांची गळती लागली, निकालाची टक्केवारी घसरली, आणि साहेबांनी शेरेबुकात गळतीबद्दल लिहिले. बाईंनी त्या मुली पटावर घेतल्याच नसत्या तर वर्ग नमुनेदार ठरला असता.

या गोष्टीत कोणी दुष्ट नाही. साहेबांनी तक्ता बरोबर वाचला. पण जी साधी सरासरी मोजते ती प्रत्येक व्यवस्था शिक्षकाच्या कानात हळूच सांगत असते की, कच्चे मूल घेऊ नकोस. इथल्या परीक्षांच्या काळात शिक्षक काठावरच्या मुलांवर सगळा जोर लावतात, कारण तीच मुले टक्का हलवतात. फार मागे पडलेले मूल हिशेबात येत नाही. नैतिक पेच आहे तो इथे.

मग काहीच मोजू नये का? मला तसे म्हणता येत नाही, कारण दुसऱ्या बाजूला 'असर' आहे. मुंबईच्या वस्त्यांमधून उभी राहिलेली 'प्रथम' ही संस्था आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल. तिचे एक संस्थापक माधव चव्हाण अमेरिकेत रसायनशास्त्रात पीएच.डी. करून, काही काळ इथे शिकवून मायदेशी परतले होते. २००५ पासून 'प्रथम'च्या पुढाकाराने स्वयंसेवक खेडोपाडी जातात, तेही शाळेत नव्हे, घरी. अंगणात मुलाला जवळ बसवून एक कागद पुढे धरतात : अक्षरे, शब्द, पहिलीचा उतारा, दुसरीची गोष्ट. वाचता येईल तिथपर्यंत वाच. मग हातच्याची वजाबाकी आणि एक भागाकार. बस. आई चुलीपाशी बसून हे पाहत असते, आणि आपली पाचवीतली मुलगी दुसरीच्या गोष्टीत अडखळते आहे हे तिला कोणी समजावून सांगावे लागत नाही. ग्रामीण भारतात पाचवीतल्या ज्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता आला त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये ५०.३ टक्के होते. कोविडच्या शाळाबंदीनंतर, २०२२ मध्ये, ते ४२.८ वर आले. हे आकडे पाहून झोप उडते. पण या कागदावर कोणत्याही गुरुजींचे नाव नसते, कोणाचा पगार त्यावर ठरत नाही, म्हणून तो खोडून बदलण्यात कोणालाही रस नसतो. तो खरा राहतो.

आणि फुल्यांची वर्दी न देता भेट? तीही कोणीतरी करून पाहिली. २००३ मध्ये संशोधकांनी भारतातल्या २० राज्यांत सुमारे ३,७०० सरकारी प्राथमिक शाळांना न कळवता भेटी दिल्या, तेव्हा चारातला एक शिक्षक गैरहजर होता, आणि प्रत्यक्ष शिकवताना सापडले ते निम्म्याच्या आसपास. महाराष्ट्रात गैरहजेरी सर्वांत कमी, १४.६ टक्के, झारखंडात सुमारे ४२. हे लपवून शिक्षकांची बाजू घेण्यात अर्थ नाही. गुरुजी वर्गात आहेत की नाहीत हे मोजणे अपमानास्पद आहे, असे म्हणणाऱ्यांनी त्या रिकाम्या वर्गात दप्तर घेऊन बसलेल्या पोराच्या अपमानाचाही विचार करावा. मात्र वर्गात नसलेले सगळे घरी झोपले होते असेही नाही. शिक्षण हक्क कायद्याने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामे शिक्षकांवर ठेवलीच आहेत, आणि प्रत्यक्षात खिचडीच्या तांदळापासून ऑनलाइन माहिती भरण्यापर्यंत यादी लांबत जाते. गावाकडचे एक शिक्षकमित्र फोनवर म्हणाले, "अरे, शिकवल्याचे पुरावे पाठवता पाठवता शिकवायचे राहून जाते." ज्या सॉफ्टवेअरमध्ये ते माहिती भरतात तसलीच सॉफ्टवेअर मी विकतो, त्यामुळे मी विषय बदलला.

साधनांबाबत मात्र माझे मत कडक आहे. शिक्षण हक्क कायद्याने २००९ मध्ये प्राथमिक शाळेला काय हवे ते लिहून दिले : तीस मुलांमागे एक शिक्षक, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, ग्रंथालय, मैदान, कुंपण. यातली प्रत्येक गोष्ट मोजता येते आणि ती मोजली जाते तेव्हा मास्तरांची नव्हे, आपली म्हणजे समाजाची परीक्षा असते. पण तिथेही आकडा काय विचारतो ते पाहावे. स्वच्छतागृह 'आहे' आणि ते उघडे आहे, त्यात पाणी आहे, या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. संगणक 'आहे' आणि तो प्लास्टिकच्या आवरणातून बाहेर निघाला आहे, याही दोन वेगळ्या गोष्टी. कोलमनचा दाखला देऊन साधनांनी काही होत नाही असे म्हणणारेही भेटतात. त्यांना टेनेसीचा प्रयोग सांगावा. १९८५ ते १९८९ या काळात तिथे ११ हजारांहून अधिक मुलांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे लहान आणि मोठ्या वर्गांत वाटले. १३ ते १७ मुलांच्या वर्गातली मुले २२ ते २५ च्या वर्गातल्या मुलांपेक्षा पुढे गेली, आणि गरीब व कृष्णवर्णीय मुलांना फायदा अधिक झाला. साधन नावाच्या वस्तूत सर्वांत मोलाचे साधन म्हणजे मुलाच्या वाट्याला येणारा मास्तरांचा वेळ. तो कुरिअरने पाठवता येत नाही.

एका प्रश्नापुढे मात्र मी अडतो. शिक्षकांना नावानिशी गुण देऊ नयेत, त्यांचे काम दुसऱ्या अनुभवी शिक्षकाने वर्गात बसून पाहावे, सुधारायला वेळ द्यावा, हे सगळे मला पटते. पण चौथीचे वर्ष मुलाच्या आयुष्यात एकदाच येते. गुरुजींना सुधारायला तीन वर्षे दिली तर तीन वर्षांची मुले त्या खर्चात धरावी लागतात. इथल्या आपल्या मुलांच्या बाबतीत आपण ही वाट पाहत नाही; मुख्याध्यापकांना ई-मेल करतो, वर्ग बदलून मागतो, ट्यूशन लावतो, नाहीतर घर बदलतो. ऊसतोडीच्या कोपीतल्या आईकडे यातला एकही पर्याय नसतो. तिच्या वतीने घाई कोणी करायची, आणि ती घाई करताना गुरुजींवर अन्याय होणार नाही हे कोणी पाहायचे? दोन्ही कामे एकाच अधिकाऱ्याने करावीत असे मला वाटत नाही.

हा सगळा विचार निव्वळ हौसेखातर केलेला नाही. आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात जमणाऱ्या निधीतला काही भाग यंदा महाराष्ट्रातल्या तीन तालुक्यांतल्या जिल्हा परिषद शाळांना द्यायचा आहे, आणि कार्यकारिणीत यावर दोन बैठका गाजल्या. एक पक्ष म्हणतो, निकाल पाहून द्या. पैसा आपल्या घामाचा आहे. दुसरा म्हणतो, गरज पाहून द्या. तिसरा, आणि संख्येने मोठा, पक्ष स्मार्ट टीव्हीच्या बाजूचा आहे, कारण त्यासमोर फोटो छान येतो. निकाल पाहून द्यायचे ठरवले तर आमच्या बाईंच्या वर्गाला काही मिळाले नसते, एवढे मी दुसऱ्या बैठकीत सांगितले. मग चहा झाला आणि शाळांना पाठवायच्या अर्जाचा मसुदा माझ्याकडे आला.

मसुद्यात निकालाचा रकाना नाही. तीनच प्रश्न आहेत. गेल्या महिन्यात शिक्षक किती दिवस वर्गात होते, आणि नव्हते तेव्हा त्यांना कोणत्या कामाला पाठवले होते? गावात कोणी मूल बाहेरून, हंगामापुरते आले तर तुम्ही त्याचे काय करता? आणि पैसे मिळाले तर काय घ्याल, हे मुख्याध्यापकांनी नव्हे तर वर्ग घेणाऱ्या शिक्षकांनी लिहावे. बैठकीत एकांनी रास्त शंका काढली की, शाळा हवी तशी उत्तरे लिहून पाठवतील. काही पाठवतीलही. म्हणून ज्या सभासदांची गावे या तालुक्यांच्या आसपास आहेत त्यांनी डिसेंबरच्या सुट्टीत तिकडे गेल्यावर एक सकाळ शाळेत मागच्या बाकावर बसून यावे, अशी विनंती आहे. काय पाहिले ते साध्या मराठीत दोन पानांत लिहून आणावे, दहापैकी गुण देऊ नयेत. आणि शाळेला आधी कळवायचे की नाही यावर अजून एकमत झालेले नाही, पण कळवलेच तर शाल-श्रीफळ आणि स्वागतगीताचा घाट घालू नका, हेही त्याच फोनमध्ये सांगावे.